पहिली भाकर

खर्डा, १५ जानेवारी २०२६

प्रिय फिलूताई,

सप्रेम सलाम.

बोर्डिंगच्या चॅपलमागची ती पायरी तुला आठवते का? खालून तिसरी, कडेचा टवका उडालेली. गुरुवारी दुपारी मदर शेगडीवर लोखंडी साचा तापवायच्या आणि आपण दोघी आतेमामेबहिणी त्या पायरीवर बसून वाट बघायचो. मिस्साच्या उपासनेत वाटायच्या भाकरी पितळी नळकांड्याने गोल गोल पाडून झाल्या की उरलेलं कातरण त्या जर्मनच्या वाडग्यात घालून आपल्याला द्यायच्या. कागदासारखं पातळ, नुसतं गहू आणि पाणी. तरी आपण बोटं ओली करून चुरासुद्धा टिपायचो. साच्यावरचा क्रूस ज्या तुकड्यात अर्धा आला असेल ते तुकडे तू वेगळे काढून मला द्यायचीस. म्हणायचीस, "सवे, दोन अर्धे जोड, पूर्ण होईल." मी खूप जोडून पाहिले. एकही जुळला नाही.

आज सकाळी काही कारण नसताना ती पायरी आठवली, म्हणून लिहायला बसले. तुला फोन करण्यात अर्थ नाही. मागच्या वेळी मी "हे गेले, हे गेले" म्हणून ओरडत होते आणि तू "अगं, कुठे गेले?" असं विचारत होतीस. शेवटी तुमच्या तरुण सिस्टरने तुझ्या हातातून फोन घेतला.

तर आता नीट सांगते. दोन डिसेंबर, मंगळवार. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी आम्ही नगरला जायचो, हे तुला ठाऊक आहे. सकाळी हे खुर्चीवर बसून बूट घालत होते. म्हणाले, "गाडीला वेळ आहे, घोटभर चहा टाक." चहा घेऊन आले तर एक बूट पायात होता आणि एक हातात. बुधवारी माती दिली. परवाच्या रविवारी चाळिसाव्या दिवसाची मिस्सा झाली. लोक येतात, रडतात. मी त्यांना चहा करून देते.

मला काही होत नाही, फिलूताई. दुखतसुद्धा नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग ओठ आपला नसल्यासारखा लोंबतो, तसं झालंय. चहा, लोणचं, भात, सगळं जिभेला सारखंच लागतं.

गुरुवार मात्र एकही चुकवला नाही. माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मी साचा चुलीवर ठेवला होता. बत्तीस वर्षांपूर्वी इथला मठ बंद झाला तेव्हा तू तो साचा माझ्या हातात दिलास; त्याची मूठ तुटली तेव्हा यांनी वायरमनची तार गुंडाळून ती बसवली, ती अजून हलत नाही. आणि पहिली भाकर यांची असायची. साचा पुरता तापलाय का, पीठ बरोबर झालंय का, ते चाखून सांगायचे. दरवेळी तोंड वाकडं करायचे. "अळणी. बरोबर आहे. लाव पुढची." बत्तीस वर्षं तोच एक विनोद. आता पहिली भाकर मी तशीच डब्यात टाकते.

लोक ऊसतोडीला गेलेत, त्यामुळे सध्या पन्नासच भाकरी पुरतात. दसऱ्याला दोनशे लागल्या होत्या.

पोरगा करण आणि सून आरती पुण्याला चल म्हणतात. बघू म्हटलं. फादर कल्याण म्हणाले, "सविताबाई, तुमचा विश्वास मोठा." मी मान हलवली.

तुझी,
सविता

*

अकोले, ३० जानेवारी २०२६

प्रिय सवे,

सलाम, आणि एक गालगुच्चा.

तुझं पत्र आलं आणि मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने वाचलं. संध्याकाळी आम्ही सहा म्हाताऱ्या सिस्टर शेकायला एकत्र बसतो तेव्हा. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी फार जोरात वाचलं म्हणे. दवाखान्यातले पेशंट खिडकीशी आले. सगळ्यांनी डोळे पुसले. सिस्टर सुपिरियर म्हणाल्या, "हिला म्हणतात विश्वास. नवऱ्याला माती दिली आणि दुसऱ्या दिवशी देवाच्या भाकरीला बसली." खरंच सवे, तू खडक आहेस. लहानपणी झुरळाला घाबरणारी तू, हे बळ तुला प्रभूनेच दिलं. आम्ही सगळ्या रोज तुझं नाव घेतो.

आसारामराव माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आठवतं, नाताळच्या मिस्साच्या आधी तासभर मठातले दिवे गेले होते आणि ते नव्या कोऱ्या शर्टात खांबावर चढले? खाली उतरले तेव्हा शर्ट काळा आणि चॅपल उजेडात. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "शर्टाला इस्त्री मी केली होती." आणि ते म्हणाले, "मग दिवे तू लाव की." असा माणूस देव दोनदा घडवत नाही.

माझं म्हणशील तर इथे थंडी आहे. धरणाकडून वारा सुटला की गुडघे बोलतात, आणि तेवढेच मला ऐकू येतात. बाकी सगळे माझ्याशी ओरडून बोलतात, म्हणून सगळं जग माझ्यावर रागावलंय असं वाटत राहतं. एक मांजर तेवढं नेहमीसारखं तोंड उघडतं.

पुण्याची घाई करू नकोस. आणि एक मागते. कातरण पाठव. एक डबाभर. तुमच्या गावचा गहिनीनाथ टेम्पोत कांदा घेऊन संगमनेरला येतो ना? तिथून त्याला अकोल्याच्या जीपमध्ये ठेवायला सांग. मरण्याआधी एकदा त्या पायरीवर बसल्यासारखं खायचंय.

तुझी,
फिलू

*

खर्डा, १२ फेब्रुवारी २०२६

प्रिय फिलूताई,

डबा गहिनीनाथच्या टेम्पोत दिला आहे. झाकणाला चिंधी बांधली आहे, सांभाळून उघड.

माझं पत्र कोणाला वाचून दाखवू नकोस. रागावून म्हणत नाही. राग यायलाही काहीतरी हलावं लागतं.

तू खडक म्हणालीस. खडकालाही काही वाटत नाही, या अर्थाने म्हणाली असशील तर बरोबर आहे. खरं सांगू का? मी दोन डिसेंबरपासून प्रार्थना केलेली नाही. जपमाळ हातात असते, मणी पुढे जातात, तोंड हलतं. आत कोणी नसतं. ना मी, ना तो. देवावर चिडले असते तरी बरं झालं असतं. चिडायला समोर कोणीतरी आहे असं तरी वाटलं असतं. मिस्सात सगळे उठले की उठते, सगळे गुडघे टेकतात तेव्हा टेकते. लोक माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, बाईंकडून शिकावं.

हे गेल्यावर आठव्या दिवशी शेजारच्या झुंबरबाई आल्या. तुला त्यांची आठवण असेल, मठाच्या विहिरीवर धुणं धुवायच्या आणि सिस्टरांनाच भजनं शिकवायच्या. माझ्या घरात दोन वर्षं मीठ नव्हतं. यांना किडनीमुळे बंद होतं. दोन माणसांच्या घरात दोन पातेली कशाला, म्हणून मीही सोडलं होतं. बरणी वरच्या फळीवर, तोंडाला फडकं बांधून. झुंबरबाईंनी स्टुलावर चढून ती खाली काढली, ओट्यावर आदळली आणि म्हणाल्या, "बाई, आता तरी मीठ घाला वो. दोन वर्सं अळनी खाल्लं. आता कुनासाठी?" तेव्हापासून घालते. पिठात, वरणात, सगळ्यात. दोन वर्षं आवरलेला हात आता आपोआप बरणीकडे जातो. चव लागते असं नाही.

आणखी काय लिहू? शाळेतल्या पोरी पूर्वी गुरुवारी कातरण मागायला दाराशी उभ्या राहायच्या. आता येत नाहीत. मोठ्या झाल्या असतील. मी ते कोंबड्यांना घालते. कोंबड्या खातात आणि दिवसभर पाणी पीत राहतात.

करणने पुण्यात माझ्यासाठी खोली रंगवून घेतली. रंग कुठला हवा, असं आरतीने फोनवर विचारलं. कुठलाही, म्हटलं. निकिताला आजीची खोली गुलाबी हवी होती, तर गुलाबी दिला आहे.

तुझी,
सविता

*

अकोले, २० फेब्रुवारी २०२६ (पोस्टकार्ड)

सवे, डबा पोचला. पत्र पोचलं. कोणाला वाचून दाखवलं नाही. सविस्तर नंतर लिहिते. — फिलू

*

खर्डा, २ मार्च २०२६

प्रिय फिलूताई,

तुझं कार्ड मिळालं. दीड ओळ. तू दीड ओळ लिहिणारी बाई नाहीस, म्हणजे काय झालं ते मी समजले. मी लिहिलेलं तुला लागलं. चाळीस वर्षं व्रतात राहिलेल्या बाईला मी आत कोणी नसतं असं लिहायला नको होतं. माफ कर. पण ते खोटं नव्हतं.

राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळावर राख लावली. माती आहेस आणि मातीला जाशील. मागच्या वर्षी हे माझ्या शेजारी होते आणि पुटपुटले होते, "मी तर आधीच गेलोय, आता तुझं बघ." तो शब्दसुद्धा आठवला, तरी काही झालं नाही. राख दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कपाळावर तशीच होती. पुसायचं सुचलं नाही.

मी ठरवलं आहे. ईस्टर झाला की करण गाडी घेऊन येईल. मी जाते. तिथे जाऊन बरं वाटेल, अशी आशा आहे म्हणून नव्हे. इथे मी रोज एक खोटं करते आहे म्हणून. जिला प्रार्थना येत नाही तिच्या हातची भाकर वेदीवर जाते आणि त्या भाकरीत लोक ख्रिस्ताला घेतात. झुंबरबाई तर दोन्ही हात पुढे करून, डोळे मिटून घेतात. त्यांना कळलं तर? फसवणूक आहे ही, ताई. आणि तो नाहीच असं वाटणाऱ्या बाईने त्याचं अन्न भाजत राहायचं, हे मला आता होणार नाही.

साचा तुझा आहे. तुला परत पाठवते. पवित्र गुरुवारची शेवटची भाजणी करीन आणि मग कुठे पाठवू ते कळव.

सविता

*

अकोले, १४ मार्च २०२६

सवे,

तू काहीही समजत नाहीस. लहानपणापासून पत्राचा अर्थ उलटा लावायची खोड आहे तुझी.

दीड ओळ लिहिली कारण दुसरी अर्धी लिहायचा धीर झाला नाही. आज लिहिते.

तू पाठवलेला डबा मी उघडला, बाहेर पायरीवर जाऊन बसले, एक तुकडा तोंडात टाकला. खारट लागला. मला वाटलं, वय झालं, कान गेले, आता जीभ चालली. मग स्वयंपाकघरातल्या सिस्टरला दिला. ती म्हणाली, "छान आहे, चहाबरोबर खायचं का?" सुपिरियरना दिला. त्यांनी तोंडातला काढून हातात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

सवे, तुझ्या भाकरीत मीठ आहे. चिमूटभर नाही, चांगलं घसघशीत.

नियम तुला माहीत आहे. मदरनी आपल्याला कानाला धरून शिकवला होता. गहू आणि पाणी, तिसरं काही नाही. तुझं आधीचं पत्र पुन्हा वाचलं, बरणीचं, कोंबड्यांचं, आणि कळलं. तीन आठवडे मी हे लिहू शकले नाही. वाटत होतं, ही बाई एका गुरुवारावर उभी आहे आणि मी तोच तिच्या पायाखालून काढून घेणार. पण आता तू सगळंच सोडून निघालीस, मग लपवून काय उपयोग?

आणखी एक लपवलं होतं. मला अकरा वर्षांत मिस्सातला एक शब्द ऐकू आलेला नाही. शुभवर्तमान नाही, प्रवचन नाही, भजन नाही. मी पुढच्या सिस्टरच्या पाठीकडे बघते. तिचे खांदे हलले की मी आमेन म्हणते. कधी कधी ती खोकते आणि मी आमेन म्हणून मोकळी होते. सुरुवातीची दोन वर्षं मी रोज रात्री म्हणायचे, देवा, तू बोलायचा थांबलास की मला ऐकू येत नाही, एवढं तरी सांग. त्याने सांगितलं नाही. मग मी विचारायचं सोडलं आणि पुढची पाठ बघत राहिले. ती ऐकते. तिचं ऐकणं मला पुरतं, असं मी धरून चालले. हे मी सुपिरियरनासुद्धा सांगितलेलं नाही.

तुला खडक म्हणाले ते तुझ्यासाठी नव्हतं. मला एक खडक हवा होता.

साचा पाठवू नकोस. आधी तुझ्या हातची एक भाकर चाख. पहिली.

फिलू

*

खर्डा, २१ मार्च २०२६

प्रिय फिलूताई,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. गुरुवारी सकाळी मी पीठ सरबरीत कालवलं आणि हाताकडे बघत राहिले. हात बरणीकडे गेला. मी बघत असताना गेला, ताई. मी त्याला मनगटाशी धरून मागे आणलं.

आदल्या गुरुवारच्या कातरणातला तुकडा चाखला. काही कळलं नाही. जीभ ओठासारखीच, परक्याची. म्हणून झुंबरबाईंकडे गेले. त्या उन्हात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी तुकडा पुढे केला आणि म्हटलं, "चाखा."

त्यांनी तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शेंगा बाजूला ठेवल्या. "कुनी सांगितलं तुमाला?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आख्ख्या गावाला म्हाईत हाय, बाई. नाताळाच्या आदीपासनं." मग हळूच म्हणाल्या, "पयल्या रईवारी मला वाटलं, माज्याच डोळ्याचं पानी तोंडात गेलं. आसारामभाऊंच्या आठवनीनं रडूच येत हुतं. दुसऱ्या रईवारी बी तसंच लागलं. मंग म्या चर्चची घंटा वाजवनाऱ्या काकासाहेबाला इचारलं, तर त्यो म्हनला, मला बी खारट लागलं, म्या बी तेच समाजलो."

"कोणी सांगितलं का नाही मला?"

"कसं सांगनार? तुमी गुरुवारी साच्याम्होरं बसता, धूर दिसतो, तवा आमाला वाटतं बाई हायेत अजून. त्यो धूर बंद झाला असता तर?"

मी तिथून तशीच चर्चमध्ये गेले. फादर कल्याण स्कूटर पुसत होते. रिकामा डबा न्यायला आलात का, म्हणाले. मी म्हटलं, "फादर, भाकरीत मीठ होतं?" त्यांचा चेहरा शाळेत पकडलेल्या पोरासारखा झाला. ते वेदीमागच्या खोलीत गेले. मी मागे गेले. त्यांनी कपाट उघडलं. आत, वस्त्रांच्या खाली, माझ्याच हातच्या पुड्या होत्या. अकरा. एकेका गुरुवारची एकेक, न उघडलेली.

पहिले तीन रविवार माझीच भाकर दिली होती त्यांनी, नाताळसुद्धा. नंतर नियम मनाला टोचू लागला, म्हणून दर आठवड्याला नगरहून दुसऱ्या भाकरी आणून स्कूटरच्या डिकीत ठेवत होते. शनिवारी माझा डबा घ्यायचे, "देव तुमचं भलं करो" म्हणायचे, आणि कपाटात ठेवायचे. मी म्हटलं, "मला सांगून डबा बंद करायचा होता." ते खाली बघून म्हणाले, "ते मला जमलं नाही, बाई. असल्या गोष्टी सेमिनरीत शिकवत नाहीत. टाकूनही द्यायला जमल्या नाहीत. काहीतरी करतील बाई, एक दिवस विचारतील, म्हणून ठेवल्या."

अकरा आठवडे माझी भाकर वेदीवर गेलीच नव्हती. आणि मी तुला फसवणुकीचं लिहीत होते. फसवत सगळं गाव होतं, ताई, मला. जेवढा वेळ मी आत कोणी नाही म्हणत होते, तेवढा वेळ झुंबरबाई आणि काकासाहेब आणि हा तरुण फादर खारट भाकर गिळून गप्प बसत होते.

मी सगळ्यात जुनी पुडी फोडली. एक भाकर काढून तिथेच, कपाटाशी उभी राहून, तोंडात टाकली. आधी काही नाही. कागद. मग जिभेच्या कडेला काहीतरी झोंबलं.

खारट होती. भयंकर खारट. हे असते तर थुंकून टाकली असती आणि डॉक्टरांना जाऊन सांगितलं असतं, बायको मला मारायला निघाली आहे. मला हसू आलं. मग रडू आलं असेल, असं तुला वाटेल. नाही आलं. फक्त चव आली. आणि मी म्हटलं, "प्रभू, खारट आहे."

एवढंच. डिसेंबरपासून त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. फादरना वाटलं मी त्यांना म्हणते आहे. ते "हो" म्हणाले.

दुपारी परत पीठ कालवलं. बरणी पुन्हा वरच्या फळीवर ठेवली आहे, फक्त गुरुवारपुरती.

सविता

*

अकोले, २८ मार्च २०२६ (पोस्टकार्ड)

सवे, तुझं वाक्य मी आज मिस्सात म्हटलं, मनातल्या मनात. माझ्याकडे मीठ नव्हतं म्हणून म्हटलं, प्रभू, ऐकू येत नाही. नऊ वर्षांनी परत. पुढची सिस्टर खोकली, पण मी आमेन म्हणाले नाही, वाट बघितली. आता सांग, करणच्या गाडीचं काय? आणि साच्याचं? — फिलू

*

खर्डा, ९ एप्रिल २०२६

प्रिय फिलूताई,

ईस्टरचा सलाम. प्रभू उठला आहे. हे मी लिहिते आहे. छातीत घंटा वगैरे वाजत नाहीत. तरी लिहिते आहे. झुंबरबाईंना वाजतात, त्या मला सांगतात.

बरं वाटतं का विचारशील, तर सुई उतरते तसं. आधी नुसत्या मुंग्या. परवा यांचा तो दुसरा बूट पलंगाखाली सापडला आणि मी जमिनीवर बसून अर्धा तास रडले. मग उठून कोंबड्यांना दाणे घातले. बाकीचा वेळ अजून बधिरच जातो. पण सकाळी एक वाक्य म्हणते त्याला. कधी "आज ऊन फार आहे" एवढंच. उत्तर येत नाही. उत्तर आलं नाही म्हणून मी आता निघून जात नाही.

ऊसतोडीची माणसं परत आली. झुंबरबाईंची सून रेश्मा श्रीगोंद्याकडच्या कारखान्यावरून आली, कोयत्याने हाताला घट्टे, पण हात हलका. पवित्र गुरुवारी दोनशे भाकरी लागणार होत्या. मी तिला साच्यापुढे बसवलं. पहिल्या दोन करपल्या. "आत्या, माज्याच्यानं न्हाई हुनार," म्हणाली. मी म्हटलं, "भाऊंशी लग्न झाल्यावर मी पहिला भात केला तो शेळीनेही खाल्ला नव्हता." तिसरी बरोबर उतरली. तिने ती उचलून माझ्या हातावर ठेवली, जशी मी यांच्या ठेवायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात बघून बघून ठाऊक होतं. मी मोडून खाल्ली. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली.

"अळणी," मी म्हटलं. "बरोबर आहे. लाव पुढची."

करण सोमवारी आला. मी त्याला सांगितलं, पावसाळ्यात येईन, गुलाबी खोलीत राहीन, निकिताला अभ्यासाला बसवीन. दिवाळीला इथे पोचायला हवं, कारण तेव्हा रेश्मा तोडीला जाते आणि चूल माझ्याकडे येते. तो यांच्यासारखंच म्हणाला, "मग रंग फुकट गेला की."

आता गहिनीनाथ उद्या पहाटे निघतो आहे, म्हणून कोणाला काय ते इथेच लिहून ठेवते. माझ्या मागे कोणी शोधत बसायला नको.

साचा तुझा होता. तो आता रेश्माचा. तुझी हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळव, नंतर ऐकणार नाही, आणि ऐकू तर तुलाही येत नाही. नळकांडं झुंबरबाईंकडे राहील, म्हणजे दोघी सासू-सुनांना दर गुरुवारी एकमेकींशी बोलावं लागेल. मी पुण्यात असेन तेव्हा पहिली भाकर झुंबरबाईंनी चाखायची. मी इथे असेन तेव्हा मी.

यांची पक्कड आणि तारेचं बंडल गहिनीनाथला दिलं आहे. घड्याळ करणला. बूट दोन्ही फादर कल्याणना. त्यांना एक नंबर मोठे होतात, पण ते मोजे घालतील म्हणाले. अकरा पुड्या झुंबरबाईंच्या शेळ्यांना. शेळ्यांना खारट फार आवडतं.

मिठाची बरणी कोणाला नाही.

गाठोड्यात यांची लोकरीची शाल आहे, ती तुझ्या गुडघ्यांना. टॉर्च दवाखान्यातल्या सिस्टरला. मोठा डबा तुम्हा सहा जणींना, वाटून खा, चाखून पाहिलं आहे. आणि शालीच्या आत, कागदात, एक तुकडा वेगळा ठेवला आहे. तो दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. रेश्माच्या त्या तिसऱ्या भाकरीचा आहे, पहिल्यांदा नीट उतरलेल्या. मी क्रूसावरून मधोमध मोडली होती. अर्धा क्रूस मी खाल्ला. अर्धा तुझा.

सविता